सोनिकाच्या नावापुढची तारीख

लोकेंद्रने आणलेल्या वंशावळीत एकही बाई नव्हती, आणि भांडणाला सुरुवात तिथूनच झाली.

कुडव्याच्या चौकात रविताचं छोटं दुकान होतं. लग्नपत्रिका, वाढदिवसाचे फ्लेक्स, दुकानांच्या पाट्या, असलं काम. लोकेंद्र तिचा जेठ, नवऱ्याचा मोठा भाऊ. बिरसीजवळच्या गावात राहायचा, शेती बघायचा आणि गेल्या दोन वर्षांपासून समाजाच्या संघटनेत पद मिळवायच्या खटपटीत होता. डिसेंबरात फुलचूरच्या एका लॉनवर सगळ्या कुळाचा मेळावा ठरला होता. तिथं स्टेजच्या मागं भलामोठा फ्लेक्स लावायचा होता. त्यावर झाडाच्या आकारात अख्खी वंशावळ, आणि प्रत्येक नावाखाली थोडी माहिती. जन्म, मृत्यू, काय केलं, कुठं राहिला.

"नुसती नावं कोणी वाचत नाही," लोकेंद्र खुर्चीत बसत म्हणाला. "इतिहास पायजे. आपले पूर्वज माळव्यातून आले, घोड्यावर आले, जंगल तोडून धानाची शेती उभी केली. असं सगळं."

रविताने कागद वरपासून खालपर्यंत पाहिला. "दादा, बाया कोणत्या घोड्यावर आल्या?"

"म्हंजे?"

"पोरं झाली ना पूर्वजाईले? का झाडालेच लागली?"

लोकेंद्र हसला नाही. पण आजकाल लोक विचारतात, मेळाव्यात बायाही येणार, हे त्यालाही कळत होतं. थोडा वाद घालून त्याने मान्य केलं. बायकांची आणि लेकींची नावं टाकायची. माहिती रवितानेच फोन करून जमवायची. आपल्या घरच्या फांदीची माहिती मात्र त्याने स्वतः सांगितली. आजोबा, मग वडील जीवनलाल, आई सुलोचनाबाई. त्यांची तीन लेकरं. थोरला लोकेंद्र, मधली सोनिका, धाकटा उमेंद्र, रविताचा नवरा.

"सोनिका, जन्म एकोणीसशे ऐंशी. मृत्यू दोन हजार तीन," तो म्हणाला. "कावीळ झाली होती. नागपूरले नेता नेता गेली."

रविताने लिहून घेतलं. लग्न होऊन या घरात आली तेव्हापासून तिला एवढंच माहीत होतं की आपली एक नणंद होती आणि ती लग्नाआधीच वारली. घरात तिचा फोटो नव्हता. आईला त्रास होतो म्हणून लावत नाही, असं नवरा म्हणाला होता. दर पितृपक्षात सासऱ्यांच्या पानाशेजारी सोनिकाचं पान रविता स्वतः वाढायची. वडे, खीर, कढी. कावळा शिवेपर्यंत उन्हात उभी राहायची.

माहिती जमवायला तिला मजा येऊ लागली होती. एका आजेसासूचं नाव कोणालाच आठवेना, तर तिने माहेरच्या गावात फोन लावून शोधून काढलं. कोण पैलवान होता, कोण रेल्वेत खलाशी होता, कोणाच्या तीन बायका बाळंतपणात गेल्या. एके दिवशी दुपारी तिने बिसराम काकांना फोन लावला. सासऱ्यांचे धाकटे भाऊ, कुळातले सर्वांत वयस्कर पुरुष. त्यांच्या घरच्यांची माहिती लिहून झाल्यावर तिने सहज विचारलं, "काका, सोनिकाताई किती दिवस आजारी होत्या?"

"आजारी कायची? साप चावला ना तिले. बांधीवर गेली होती धान पाहाले."

"कावीळ नव्हती झाली?"

"अं... कावीळ का? हो, असंन. म्हातारा झालो, आठवत नाही." आणि त्यांनी फोन ठेवला.

रविताने मग तिरोड्याच्या एका चुलत नणंदेला लावला. ती सोनिकाच्याच वयाची. तिने आधी "कायले पाहिजे?" म्हणून विचारलं, मग म्हणाली, "विहिरीत पाय घसरला होता."

रविता फोन हातात धरून बसून राहिली. एका पोरीला तीन मरणं. ज्या घरात म्हशीच्या मरणाची गोष्ट सगळे सारखीच सांगतात, त्या घरात तरण्या लेकीचं मरण प्रत्येकाला वेगळं आठवतं? तिला एकच अर्थ सुचला.

तिने शटर ओढलं आणि घरी गेली. रविवार होता. उमेंद्र राइस मिलमध्ये सुपरवायझर होता, रविवारी घरी असायचा. तो समोरच्या खोलीत जेवत होता. रविता त्याच्यासमोर उभी राहिली.

"सोनिकाताईले तुमी लोकांनी मारलं का?"

उमेंद्रचा घास हातातच राहिला.

"विचारून राहिली मी. दादा म्हणतात कावीळ, काका म्हणतात साप, तिरोड्याच्या ताई म्हणतात विहीर. कोणी खरं बोलून राहिलं नाही. मारलं असंन तं सांगा. मी पंधरा वर्षांपासून या घरात जेवून राहिली. मले कळलं पायजे कोणाच्या घरात जेवते ते."

"काहीच्या काही नको बोलू."

"मग कशी मेली?"

उत्तर आतल्या खोलीतून आलं. सुलोचनाबाई लसूण सोलत बसल्या होत्या. त्या उठल्या नाहीत, आवाजही चढवला नाही.

"मेली कुठं? तिकिटा देते ते देवरीच्या गाडीत."

उमेंद्र म्हणाला, "माय, चूप राय." पण सुलोचनाबाई आता थांबणार नव्हत्या. लसूण ठेवलेलं सूप बाजूला सारून त्या सांगत गेल्या. सोनिका देवरीच्या कॉलेजात शिकायला होती. तिथं हेमराज भेटला. गोंडाचा पोरगा, बाप पतिराम जंगल खात्यात मजूर. तिने घरी सरळ येऊन सांगितलं, पळून गेली नाही. जीवनलालने तिला खोलीत कोंडलं. चौथ्या दिवशी आईनेच कडी काढून दिली.

"मी काढली," सुलोचनाबाई म्हणाल्या. "हे याच्या बापाले मरेपर्यंत माहीत नव्हतं. आता तुमाले सांगून राहिली."

सोनिकाने लग्न केल्याचं कळलं त्या आठवड्यात जीवनलालने पळसाच्या पानांचा पुतळा केला, नदीवर नेऊन जाळला, लोकेंद्रचं डोकं भादरलं आणि तेरवीला अख्खं गाव जेवू घातलं. लोकांना सांगितलं, आमची पोरगी मेली. जे बाहेरगावचे होते त्यांना ज्याने त्याने वाटेल ते कारण सांगितलं.

"आणि तुमी?" रविता नवऱ्याला म्हणाली. "तुमी जेवले तेरवीत?"

"मी वीस वर्षांचा होतो, रविता. बापासमोर काय बोललो असतो?"

"आता किती वर्षांचे आहात?"

त्याने ताट बाजूला सारलं.

"मी दर वर्षी जिवंत बाईचं पान वाढलं. माह्या हातानं. कावळा आला नाही की तुमी म्हणत होते, ताईचा जीव कशात तरी अडकला असंन. असं म्हणत होते तुमी! जीभ कशी उचलली तुमची?"

उमेंद्र ताट सोडून उठला आणि गाडी काढून निघून गेला. रविता त्याच्या पाठीमागं ओरडली नाही. राग एवढा मोठा होता की तो एका माणसावर काढून भागणारा नव्हता. तिने सासूला एवढंच विचारलं, "तुमी महिन्यातून एकदा आमगावले बहिणीकडं जाता, ते?"

"बहीण कवाच मेली," सुलोचनाबाई म्हणाल्या. "ते खरंच मेली. मी देवरीपर्यंत जाते न् त्याच गाडीनं परत येते. ते तिकीट देते, मी घेते. गर्दी नसली तं बाजूले बसते थोडी."

दुसऱ्या दिवशी रविता दुकान न उघडता गोंदियाच्या बसस्टँडवर गेली. दुपारची देवरी गाडी लागली तेव्हा खाकी कपड्यातली एक उंच बाई दारात उभी राहून "देवरी, देवरी, आमगाव देवरी" असं ओरडत होती. केस घट्ट बांधलेले, खांद्याला तिकिटाचं मशीन. छातीवरच्या पाटीवर लिहिलं होतं, सोनिका हे. वरखडे. चेहरा हुबेहूब लोकेंद्रचा, फक्त त्याच्यासारखा फुगलेला नाही.

रविता मागच्या सीटवर बसली. गाडी शहर सोडून बाहेर पडल्यावर सोनिका तिकिटं देत तिच्यापर्यंत आली.

"कुठं?"

"देवरी. मी रविता. उमेंद्रची बायको."

सोनिकाने मशीनचं बटण दाबलं, तिकीट फाडून हातात दिलं. "अर्धं तिकीट हाय बायाईले," ती म्हणाली आणि पुढं गेली.

आमगावला बरीचशी गाडी रिकामी झाली. मग ती येऊन शेजारच्या सीटवर बसली.

"माय बरी आहे ना?"

"बऱ्या आहेत. त्यांनीच सांगितलं मले. काल."

"काल?" सोनिका हसली. ते हसू चांगलं नव्हतं. "लग्नाले किती वर्षं झाले तुमच्या?"

"पंधरा."

"आणि काल समजलं. वा."

रविताने तिला सगळं सांगितलं. मेळावा, झाड, नावाखालची माहिती, तीन मरणं. सोनिका खिडकीबाहेर बघत ऐकत होती. साप आणि विहीर ऐकल्यावर तिने मान वळवली.

"म्हंजे जाळून पोट भरलं नाही? अजून मारून राहिले?"

"मी तुमचं नाव बरोबर टाकते, ताई. हेमराजभाऊंचं नाव टाकते, लेकराईचं टाकते. तुमी काय करता, कुठं राहता, सगळं."

"मी म्हटलं का तुमाले टाका म्हणून?" सोनिकाचा आवाज एवढा चढला की पुढच्या सीटवरच्या म्हाताऱ्याने मागं पाहिलं. "त्या झाडावर बसाची मले हौस नाही. बाप गेला तवा मी आली होती, माहीत आहे? ड्यूटीवरून तशीच आली, याच कपड्यात. लोकेंद्र फाटकात उभा होता. म्हणे, मेलेल्याले सुतक नसते, परत जा. उमेंद्र मागं उभा होता. तुमचा नवरा. त्याने खाली पाहिलं. मी बापाचं तोंड न पाहता दुसऱ्या दिवशी ड्यूटीवर हजर झाली. तेराव्या दिवशी गाडीत आमच्याच गावचे चार जण होते. त्याईनं माह्याकडून तिकिटा घेतल्या न् माह्या बापाच्या तेरवीले गेले."

रविताला तो दिवस आठवत होता. ती तेव्हा आत बायकांमध्ये बसली होती. बाहेर काही गडबड झाली, तेव्हा कोणी तरी म्हणालं होतं, वेडी बाई आली होती मागायला.

तेही तिने सोनिकाला सांगितलं. सोनिकाने हातातले सुटे पैसे पिशवीत टाकले. मग उठली, एका बाईला उतरवायला बेल मारली आणि परत आली.

"माहं घर आहे," ती म्हणाली. "सासू माही, बायजाबाई, ती पहिल्या दिवशी मले ताटात घेऊन जेवली. माह्या लेकराईले त्याईचा आजा कोण, आजी कोण, सगळं माहीत आहे. मले तुमच्या कुळाची गरज नाही. नाव नाही टाकलं तरी चालते. पण मारू नोका. तेवढं सांगा त्याले. जिती असताना किती वेळा मारता?"

देवरीला उतरल्यावर तिने रविताला चहा पाजला आणि परतीच्या गाडीत बसवून दिलं. घरी ये म्हणाली नाही. रविताला त्याचं वाईट वाटलं नाही. उलट बरं वाटलं. सोनिकाच्या जागी ती स्वतः असती तर तिने चहाही पाजला नसता.

दोन दिवसांनी तिने फ्लेक्सचा नमुना लोकेंद्रच्या फोनवर पाठवला. जीवनलालच्या फांदीवर तीन नावं होती. मधल्या नावाखाली लिहिलं होतं: सोनिका, जन्म १९८०, एसटी वाहक, पती हेमराज वरखडे, मुक्काम देवरी.

तासाभरात लोकेंद्र दुकानात आला. दोन गिऱ्हाइकं बसली होती, त्यांना त्याने बाहेर जायला सांगितलं.

"हे काय केलं तू?"

"माहिती भरली. तुमीच म्हणाले होते, नुसती नावं कोणी वाचत नाही."

"काढ ते. दोन हजार तीन टाक."

"खोटं टाकत नाही मी."

"खोटं?" लोकेंद्रने टेबलावर हात आपटला. "आमच्यासाठी ते मेली. बापानं माह्या डोक्याचे केस उतरवले. माह्या! मी पंधरा दिवस मुंडक्यावर टोपी घालून फिरलो. पोरीचं लग्न जुळवून राहिलो मी, डिंपलचं. पाहुणे मेळाव्यात येऊन राहिले. त्याईले काय दाखवू? बहीण कंडक्टर, जावई गोंड?"

"हो. हेच दाखवा. यात लाज काय आहे? लाज वाटाची तं जिवंत बहिणीची तेरवी जेवताना वाटायची होती."

"तू बाहेरून आलेली हाय, रविता. तुले कुळाचं काय समजते?"

"बाहेरून?" रविता उभी राहिली. "या झाडावर जेवढी लेकरं आहेत ना, तेवढी बाहेरून आलेल्या बायाईनंच जन्माले घातली. तुमची माय बाहेरून आली, तुमची बायको बाहेरून आली. तुमची पोरगी उद्या दुसऱ्याच्या घरी बाहेरची होऊन राहील. बाहेरचीले वडे तळाले लावता, पान वाढाले लावता, फ्लेक्स बनवाले लावता. फक्त खरं सांगत नाही तिले. पंधरा वर्षं मी तुमच्या बहिणीच्या नावानं उन्हात उभी राहिली, दादा. मले कोणी विचारलं?"

लोकेंद्र खालच्या आवाजात म्हणाला, "हे दुकान समाजाच्या कामावर चालते तुहं. लक्षात ठेव."

"शटर तिकडं आहे," रविता म्हणाली.

त्याने गोंदियातल्या दुसऱ्या एका माणसाकडून फ्लेक्स करून घेतला. रविताने जमवलेली सगळी माहिती त्यात होती, आजेसासूच्या माहेरच्या नावासकट. फक्त सोनिकापुढं जन्म आणि मृत्यू, आणि बाकी काही नाही.

मेळाव्याला रविता जाणार नव्हती. पण सुलोचनाबाई निघाल्या. कुळातली सर्वांत मोठी बाई म्हणून त्यांचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार होता. त्यांना एकटं कसं सोडायचं म्हणून ती सोबत गेली. उमेंद्रही आला. गेल्या महिन्याभरात तो घरात पाहुण्यासारखा राहत होता. विचारलं तेवढं बोलायचा, जेवायचा, झोपायचा.

लॉनवर दोनशे-अडीचशे माणसं होती. स्टेजच्या मागं हिरवंगार झाड फडकत होतं. लोक आपापलं नाव शोधून समोर उभं राहून फोटो काढत होते. लोकेंद्रने माईकवरून माळव्यापासून सुरुवात केली. घोडे, तलवारी, जंगल, धान. टाळ्या झाल्या. मग त्याने आईला वर बोलावलं. सुलोचनाबाई रविताचा हात धरून पायऱ्या चढल्या. शाल खांद्यावर पडली, नारळ हातात आला. लोकेंद्र म्हणाला, "माय, दोन शब्द बोल."

सुलोचनाबाई माईककडं न बघता मागं वळल्या आणि झाडाकडं बघू लागल्या. त्यांना वाचता येत नव्हतं. त्यांनी रविताला विचारलं, "माही फांदी कोणती?"

रविताने बोट दाखवलं. "हे तुमी. हे दादा. हे सोनिकाताई. हे उमेंद्र."

"सोनिकापुढं काय लिहिलं?"

माईक जवळच होता. प्रश्न सगळ्यांना ऐकू गेला. लोकेंद्र पुढं सरकला, पण रविताने त्याच्याआधी माईक धरला.

"मृत्यू दोन हजार तीन, असं लिहिलं आहे," ती म्हणाली. मग ती लोकांकडं वळली. "हे खोटं आहे. सोनिकाताई जिवंत आहेत. देवरीच्या गाडीवर कंडक्टर आहेत. या घरानं त्यांचा पुतळा जाळला आणि..."

ती थांबली. कोणी दचकलं नव्हतं. कोणी शेजारच्याला "काय?" म्हणून विचारलं नव्हतं. समोरच्या खुर्च्यांवरची माणसं खाली बघत होती, काही जण चप्पल सारखी करत होते. मागून कोणी तरी पोरांना जेवणाकडं पिटाळत होतं. पहिल्या रांगेतून बिसराम काका म्हणाले, "बस झालं, पोरी. सगळ्याईले माहीत हाय. खाली ये."

रविताला वाटलं होतं ती काही तरी फोडते आहे. इथं फोडायला काही नव्हतंच. अडीचशे माणसांना माहीत होतं. त्यांनी सोनिकाच्या हातून तिकिटं घेतली होती, सुटे परत घेतले होते, आणि आत्ता अर्ध्या तासापूर्वी त्या तारखेसमोर उभं राहून फोटो काढले होते. फक्त तिला एकटीला माहीत नव्हतं. असा राग तिला आयुष्यात कधी आला नव्हता.

"माहीत हाय?" ती ओरडली. "माहीत हाय न् बसले? साप चावला म्हणाले तुमी मले, काका! तुमच्या तोंडानं!"

लोकेंद्रने माईक हिसकावला. "जेवण तयार हाय," तो म्हणाला. "सगळ्यांनी जेवून घ्यावं."

लोक उठायला लागले. तेव्हा सुलोचनाबाईंनी खांद्यावरची शाल काढली, घडी केली आणि नारळासकट खुर्चीवर ठेवली.

"रविता, देवरीची गाडी कवा हाय?"

"माय, तमाशा नको करू," लोकेंद्र म्हणाला. "घरी चल. आज तिकडं गेली तं माह्या घराचं दार बंद हाय तुले."

सुलोचनाबाईंनी त्याच्याकडं नीट पाहिलं. "जागा हाय ना त्या झाडावर? माह्या नावापुढंही आजची तारीख टाकून दे. तेरवी मोठी कर. हे सगळे येतीन, जेवतीन."

आणि त्या पायऱ्या उतरायला लागल्या. उमेंद्र पायऱ्यांच्या खाली उभा होता. त्याने आईला हात द्यायला पुढं केला. तिने तो घेतला, पायरी उतरली आणि सोडून दिला.

रविताने त्यांना स्कूटीवर बसवून स्टँडवर आणलं. तिथून तिने सोनिकाला फोन लावून सांगितलं की माय निघाली आहे, आता तिकडंच राहायचं म्हणते. त्या दिवशी सोनिकाची सुट्टी होती.

"कायमची?" सोनिका म्हणाली. "मले विचारलं का कोणी? दोन खोल्याचं घर आहे माहं, त्यात माही सासू पडून आहे. बावीस वर्षं पोरगी मेली, आता म्हातारपणी जिवंत झाली का?"

पलीकडं भांडं ठेवल्याचा आवाज आला, कोणाशी तरी सोनिका गोंडीत काही तरी बोलली. मग म्हणाली, "येऊ द्या. हेमराज राहीन स्टँडवर. कोणती गाडी ते सांगा. आणि तिले पुढं बसवा, मागं दणके बसतात."

गाडीवर दुसराच कंडक्टर होता. सुलोचनाबाईंनी पदराची गाठ सोडून तिकीट घेतलं, देवरीपर्यंतचं. गाडी निघाली.

लोकेंद्रने गावात सांगितलं की आई उपचारासाठी आमगावला राहते आहे. लोकांनी मान डोलावली. डिंपलचं लग्न जुळलं. त्याची पत्रिका दुसरीकडं छापली गेली, आणि हळूहळू बाकीच्यांच्याही. रविताने दुकानावर पाटी बदलून फोटोकॉपी आणि ऑनलाइन फॉर्मचं काम सुरू केलं. कमाई निम्म्यावर आली. कोणी समेटाचं बोलायला आलं की ती एकच विचारायची, "तुमाले माहीत होतं का?" बहुतेक जण चहा न पिता उठायचे.

उमेंद्रशी ती बोलायची, पण कामापुरतं. जानेवारीतल्या एका रविवारी तो सकाळी उठून म्हणाला, "मायच्या बीपीच्या गोळ्या संपल्या असंन. नेऊन देतो."

"द्या."

तो मोटरसायकलने गेला आणि दुपार टळल्यावर परत आला. हेल्मेट काढून ओट्यावर बसला. रविताने पाणी आणून दिलं.

"भेटल्या?"

"माय अंगणात होती. बायजाबाईच्या डोक्याले तेल लावून राहिली होती. मले पाहिलं, हात हलवला." त्याने एक घोट घेतला. "ताई फाटकात आली. मी म्हटलं, ताई, मी उमेंद्र. ती म्हणे, दिसते. मी म्हटलं, माह्यानं चुकलं. बाप गेला त्या दिवशी मी बोलाले पायजे होतं."

"मग?"

"गोळ्या घेतल्या. फाटक लावून घेतलं."

"आत या म्हटलं नाही?"

"नाही."

"बरं केलं," रविता म्हणाली.

उमेंद्रने पाणी पिऊन ग्लास खाली ठेवला. "पुढच्या रविवारी परत जातो," तो म्हणाला.

ग्लास उचलून रविता आत गेली.